आडेची भरलेली बाटली

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमची तोफखान्याची रेजिमेंट वाळवंटातल्या फायरिंग रेंजवर होती. मी लान्स नायक होतो. माझ्या हाताखाली आठ जण, त्यातला एक गनर रमेश आडे. तो दिग्रसजवळच्या तांड्यावरचा, मी वणीकडचा. अख्ख्या रेजिमेंटमध्ये यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघेच. हिंदीतून वऱ्हाडीत यायला आम्हाला निमित्त लागत नसे.

ही हकीकत मी गावात अनेकदा सांगितली आहे. लोक ऐकतात, हळहळतात आणि घरी जाऊन कूलर लावतात. म्हणून आता लिहून ठेवतो.

आडेचं काम आधी सांगतो, कारण फौजेबाहेरच्यांना ते माहीत नसतं. तोफेचा गोळा किती लांब जाईल हे त्याच्यामागच्या दारूवर अवलंबून असतं. आम्ही तिला चार्ज म्हणतो. चार्ज गरम असला तर गोळा पुढे पडतो, थंड असला तर अलीकडे. म्हणून चार्जच्या पेटीत थर्मामीटर असतो. दर तासाला एक जण तो वाचतो, हवेचं तापमानही घेतो, रजिस्टरमध्ये लिहितो आणि कमांड पोस्टला कळवतो. तिथे हिशेब करून तोफेचा कोन बदलतात. हे काम आडेकडे होतं. त्याचं अक्षर चांगलं होतं आणि तो कधी तास चुकवत नसे.

रूट मार्चच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहाला, त्याने मला हाक मारली.

"भाऊ, इकडं ये. हे पाह्य."

त्याच्या मांडीवर दोन रजिस्टरं होती. एक चालू, एक जुनं, पुठ्ठा निघालेलं. रेंज तीच, मुक्काम तोच, महिने मार्च-एप्रिल, साल मात्र बरंच मागचं.

"जुन्यातलं एप्रिलच्या शेवटाचं पान काढ," तो म्हणाला. "आता आपलं आजचं पाह्य. सारखंच आहे. आपण मार्चमधी नाही बसलो, एप्रिल संपून राह्यला."

"एखाद्या साली होते असं."

"एखाद्या साली? मधातली सारी रजिस्टरं पाह्यली मी. स्टोअरमधी पडून हायेत. दर साली जरा जरा सरकून राह्यलं." मग तो हसला. "तुह्या बापानं वणीले काढलेला कोळसा आहे हा. जळून वर गेलता, आता आपल्या डोस्क्यावर उतरून राह्यला."

माझे वडील खुल्या खाणीत डंपर चालवत. मी म्हणालो, "मंग तुह्या तांड्यावरची लाईट बंद कर ना बे. तेही त्याच कोळशावर चालते."

"दिवसातून आठ घंटे तं बंदच राहते. आमचा हिस्सा आम्ही भरला."

तेव्हा मी हसलो. आज ते वाक्य मला जाहीरनाम्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटरचा रूट मार्च होता. पूर्ण सामान, रायफल, बूट. निघायची वेळ ०७००. इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रेजिमेंटचं वर्ष दोन वेळापत्रकांवर चालतं, विंटर टायमिंग आणि समर टायमिंग. समर टायमिंग लागलं की असा मार्च पहाटे साडेचारला निघतो आणि ऊन चढायच्या आत संपतो. आमचं समर टायमिंग एक एप्रिलला लागणार होतं. तीन दिवस बाकी होते. म्हणजे कागदावर हिवाळा होता.

सकाळी ०६१५ ला आडेने नेहमीप्रमाणे रीडिंग दिलं. बॅटरी हवालदार मेजर समोर उभे होते. बॅटरी म्हणजे रेजिमेंटमधली तोफांची एक तुकडी, तिची शिस्त त्यांच्या हातात असते. आडे सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "साहब, रीडिंग बहुत ऊपर है. मार्च शाम को हो सकता है?"

"गन को करेक्शन दे दिया?"

"दे दिया, साहब."

"बस. मार्च टायमिंग ऑर्डर से चलेगा, थर्मामीटर से नहीं."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हातात छापील आदेश होता आणि त्यांच्या वर बसलेल्यांच्या हातातही तोच होता. दारू तापली म्हणून तोफेचा कोन बदलायला आम्हाला अर्धं मिनिट लागत असे. माणसं तापली म्हणून वेळ बदलण्याचा कॉलम कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता.

०७०० ला निघालो. आता पाण्याची शिस्त. प्रत्येकाच्या कमरेला एक बाटली. निघण्याआधी पोटभर पाणी प्यायचं, पोहोचल्यावर प्यायचं. मधे बाटलीला हात लावायचा तो फक्त हुकूम मिळाल्यावर. मार्च संपला की बाटली तपासली जाते आणि ती गळ्यापर्यंत भरलेली असावी लागते. यामागे कारण आहे. लढाईत पुढचं पाणी कधी मिळेल सांगता येत नाही, तेव्हा ती बाटली शेवटची असते. नवखे रंगरूट असल्यापासून आमच्या डोक्यात हे पक्कं बसवलेलं. ज्याची बाटली अर्धी, तो अर्धा जवान. माझ्या आठ जणांच्या बाटल्या तपासणं हे माझं काम होतं.

पहिला हॉल्ट ०८००. सगळे ठीक. दुसरा ०९००. दुसऱ्या तुकडीतला एक जण बसला तो उठेना. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन मागे गेली. आमच्यासोबत एकच होती.

तिसरा हॉल्ट १०००. सावली नाही. मी बाटल्या पाहत पाहत आडेजवळ आलो. त्याचा चेहरा लाल होता आणि कोरडा होता. बाकी सगळे घामाने भिजलेले, त्याची कॉलर मात्र सुकलेली, मिठाचे पांढरे डाग पडलेले. तो माझ्याशी गोरबोलीत, म्हणजे त्याच्या घरच्या बंजारा बोलीत, काहीतरी बोलला. मला गोरबोली येत नाही हे त्याला माहीत होतं.

"मराठीत सांग ना बे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कोण हे तो आठवून पाहतो आहे. मला वाटलं, थट्टा करतो आहे. मी त्याची बाटली हलवून पाहिली. गच्च भरलेली.

मी म्हणालो, "शाब्बास."

हा शब्द मी त्याच्याशी शेवटचा बोललो.

१०४० ला तो रांग सोडून उजवीकडे चालायला लागला. तिकडे काही नव्हतं. मी ओरडलो. तो वीस पावलं गेला आणि गुडघ्यावर न येता सरळ तोंडावर पडला. आम्ही त्याचे बूट काढले, शर्ट फाडला, त्याचीच बाटली त्याच्या डोक्यावर ओतली. मग आमच्या आठही बाटल्या. कोणी हुकूम मागितला नाही.

रेडिओ ऑपरेटर मुक्कामाशी बोलत होता. रेडिओवर आम्ही चार्ली, मुक्काम अल्फा.

"चार्ली फॉर अल्फा. वन कॅज्युअल्टी. हीट. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"अल्फा. ॲम्ब्युलन्स अस्पताल में है. वेट. ओव्हर."

"चार्ली. कितना टाइम? ओव्हर."

"अल्फा. वेट. आउट."

पंचवीस मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. नर्सिंग असिस्टंटने उतरल्याबरोबर आडेला थर्मामीटर लावला. सकाळपासून चार्जच्या पेटीचं तापमान घेऊन झालं होतं, हवेचं घेऊन झालं होतं. आडेचं पहिल्यांदा घेतलं जात होतं. असिस्टंटने आकडा पाहिला आणि मोठ्याने वाचला नाही.

फील्ड हॉस्पिटलला ११५० ला पोहोचलो. बर्फ लावला, सलाइन लावली. १४१५ ला गनर रमेश आडे गेला. वय चोवीस.

शव घेऊन जायला मला पाठवलं. नागपूरपर्यंत विमान, पुढे गाडी. यवतमाळ सोडल्यावर ड्रायव्हरने खिडक्या लावून घेतल्या, हवा भट्टीसारखी आत येत होती. दारव्ह्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला थांबून आम्ही पेटीभोवतीचा बर्फ बदलला. दोन तासांपूर्वी घातलेला बर्फ पाणी झाला होता.

तांड्यावर गर्दी होती. सलामी झाली, बिगुल वाजला. त्यानंतर त्याच्या आईने मला बाजूला बोलावलं. तो तिला याडी म्हणायचा, म्हणून मीही म्हणालो. ती रडत नव्हती. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारल्याशिवाय मला सोडणार नव्हती.

"तठी पानी नव्हतं का रे बापू?"

"होतं, याडी."

"दूर होतं?"

"त्याच्या कमरेलाच होतं. बाटली भरलेली होती."

"मंग प्याला काहून नाही?"

गाडीत मी याचं उत्तर तयार केलं होतं. प्रकृती अचानक बिघडली, डॉक्टरांनी शर्थ केली, तो शूर होता. सगळं खरं होतं. तिच्यासमोर ते मी बाजूला ठेवलं.

"हुकूम नव्हता," मी म्हणालो. "अन् तो हुकूम मी मागू शकत होतो. मी नाही मागितला. त्याले शाब्बास म्हटलं मी."

 ती आत गेली, त्याच्या सामानातून ती बाटली घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"हे तू ने. घरात मले नाही पाह्यवत."

चौकशी झाली. कारण लिहिलं गेलं, उष्माघात. माझा जबाब घेतला, जुन्या रजिस्टरांबद्दलही मी सांगितलं. पुढच्या वर्षी आमच्या रेजिमेंटचं समर टायमिंग पंधरा मार्चला लागलं. हुकमाशिवाय पाणी प्यायची परवानगीही मिळाली. एका ओळीची दुरुस्ती होती. ती आदल्या वर्षीही करता आली असती. कागद तोच, शाई तीच, सही करणारा हातही तोच.

आडेचं नाव आमच्या स्मारकाच्या दगडावर नाही. तो शत्रूच्या गोळीने मेला नाही, असं सांगितलं गेलं. मी तेव्हा गप्प बसलो. आज बसणार नाही. एकेका दिवसाच्या उन्हाचा दोष कोणावर टाकता येत नाही, हे मला कळतं. पण आडेने दाखवलेली ती रजिस्टरं एका दिवसाची नव्हती. पानामागे पान सरकत होतं आणि ते का सरकतं हे आता शाळेच्या पुस्तकातही लिहिलेलं आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळतो, त्याचा वायू वर जातो आणि उष्णता अडवून तिथेच बसतो. बाकी सगळं त्यानंतर येतं.

वडील आजारी पडले तेव्हा पेन्शन लागू व्हायच्या आतच मी अर्ज करून फौज सोडली. आता आमच्या गावात राहतो. घरासमोरून कोळशाचे ट्रक जातात. वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होतो. खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली, तेव्हा मी गेलो. मंडप होता, मंचावर चार कूलर होते, आमच्या बाजूला एकही नव्हता. मला तीन मिनिटं दिली. मी आडेबद्दल सांगितलं. म्हणालो, एवढ्या तापमानात माणूस काम करू शकत नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर मंचावर कूलर आहेत. आणखी कोळसा काढणार असाल तर आधी सांगा, उन्हात कोण उभं राहणार आहे.

मंचावरचे साहेब म्हणाले, "आपली सूचना नोंदवून घेतली आहे."

नोंद तर आडेही घेत होता. दर तासाला.

बाहेर पडताना शेजारचे काशीनाथकाका भेटले. त्यांचा पोरगा खाणीत कंत्राटी कामावर आहे.

"फौजी, तू बोलला ते खरं आहे," ते म्हणाले. "पण माह्या पोरानं जावं कुठं? तुह्या घरी?"

"काका, माह्या बापाच्या कोळशावरच मी शिकलो. भरतीचे बूट त्याच पगारातून आले. पोराले दोष नाही देत मी."

"मंग कोणाले देतं?"

"ज्याइच्या हातात आदेश हाय त्याइले. त्याइले रीडिंग माहीत हाय. पोराले दुसरं काम देणं त्याइचंच काम हाय. ते नाही बोलत त्याच्यावर कोणी."

काका म्हणाले, "तू बोल. तुले पेन्शन नाही, भीती नाही." आणि हसत निघून गेले. त्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो या गोष्टीचा, की त्या पोरासमोर दोनच रस्ते ठेवले आहेत, खाणीत तापणं किंवा खाणीबाहेर तापणं, आणि याला आपण विकास म्हणतो.

मी सकाळी गावच्या मैदानावर पोलीस आणि फौजेच्या भरतीची तयारी करून घेतो. पंधरा-वीस जण येतात, त्यात सहा मुली. कडुलिंबाच्या खोडावर थर्मामीटर टांगला आहे. ठरवलेल्या खुणेच्या वर पारा गेला की पळणं बंद, मग तारीख कोणतीही असो. धावून आल्यावर रांगेत मी बाटल्या तपासतो. बाटली उलटी करून दाखवायची. थेंब पडला तर पुन्हा प्यायला लावतो. पहिल्या दिवशी नवीन पोरं भरलेली बाटली अभिमानाने पुढे करतात. कुठून शिकतात कोण जाणे.

दरवर्षी मार्च महिन्यात, आडे गेला त्या तारखेला, पळायच्या आधी मी हजेरी घेतो. शेवटचं नाव गनर रमेश आडे. पहिल्या वर्षी कोणाला काय करावं कळलं नाही. आता सगळे मिळून "हाजिर" म्हणतात. रस्त्यावरून ट्रक जात असतात, त्यामुळे मोठ्याने म्हणावं लागतं.

त्याची बाटली रोज सकाळी मी स्वतः भरून झाडाला अडकवतो. सर्वांत शेवटी जो पोहोचतो, त्याने ती प्यायची. रोज रिकामी होऊनच ती माझ्याकडे परत येते.