बांधाबाहेरची हजेरी

गोमा मास्तर हजेरी घ्यायला उभे राहिले की वर्गाकडे पाठ करायचे. पहिली नऊ नावं ते खाडीकडे तोंड करून, हाक मारावी तशी वाचायचे. प्रत्येक नावानंतर थांबायचे. बाहेरच्या चिखलातून 'टक्' असा आवाज आला की वहीत खूण करायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. नऊ झाली की वळायचे, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचे आणि मग समोर बसलेल्या बायकांची हजेरी सुरू व्हायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलंय. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी आवाज मोजले. नऊ भरले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याकडचा, नोकरी तात्पुरती आणि हुद्दा मात्र भारदस्त, प्रौढ शिक्षणाचा पर्यवेक्षक. पनवेलच्या खाडीकाठची बारा गावं माझ्या सायकलीच्या गळ्यात बांधलेली होती. त्या भागात नवं शहर उभं करायचं चाललं होतं. कळंबोलीकडून मुरूम भरलेले ट्रक यायचे आणि काल जिथं पाणी होतं तिथं आज मोजणीच्या खुंट्या दिसायच्या. मास्तरांचं गाव त्या खुंट्यांच्या वाटेवरच होतं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध, आणि बांधात शेतातलं पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार. त्याला तिथं उघाडी म्हणतात. त्या उघाडीशेजारच्या खोपटात मास्तरांचा वर्ग भरत असे.

तो कधी भरेल याचा मात्र भरवसा नसे. ऑफिसनं दुपारी तीन ते पाच अशी वेळ छापून दिली होती. मी तीनला पोचायचो तर खोपटात एक मांजर असायचं. बायका ओहोटीला खाडीत निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला जायच्या, म्हणून वर्ग भरतीला. भरती रोज पाऊणएक तास पुढं सरकते, तसा वर्गही सरकायचा. मी रागावलो की मास्तर शांतपणे म्हणायचे, "सायेब, आमचं घड्याल पान्याचं हाय. त्याला चावी द्याया लागत नाय."

सातवी शिकलेला, मिठागरावर राबून टाचा आणि बोटं कायमची चिरलेला हा माणूस शिकवायचा मात्र जीव लावून. सरकारी पुस्तकातलं कमळ त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं होतं. त्यांच्या वर्गात 'त' तिवराचा आणि 'ख' खांडीचा. तिवर म्हणजे बांधाबाहेर खाऱ्या चिखलात उभी असलेली झाडं, लाटा अंगावर घेऊन बांध सांभाळणारी. आणि खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. ट्रकवाले मुरूम टाकताना ती तिवरं तोडत होते, गाडत होते. तिवरं गेली की बांध जाणार, बांध गेला की घरात, विहिरीत, शेतात खारं पाणी. हे थांबवायचा अर्ज बायकांनी स्वतःच्या हातानं लिहावा, एवढ्यासाठी मास्तरांनी वर्ग उघडला होता. "दुसऱ्यानं लिवलेल्या कागदावर आंगठा लावूनशी आपली जमीन गेली," ते म्हणायचे. "आता आपला कागद आपुन लिवायचा."

गावाचा जीव असा पणाला लागलेला असताना मी काय केलं, तर हजेरीपत्रक तपासलं. वर्गात बायका अठ्ठावीस आणि पटावर नावं सदतीस. त्या काळी खोट्या नावांचे वर्ग पुष्कळ निघत होते आणि पर्यवेक्षकांच्या नोकऱ्या जात होत्या. पहिल्या नावावर बोट ठेवून मी विचारलं, "हा राघो कुठाय? समोर आणा."

"समोरच हाय," मास्तर म्हणाले आणि मला बांधावर घेऊन गेले.

बाहेर भरतीच्या पाण्यात एका ओळीत, सारख्या अंतरावर नऊ तिवरं उभी होती. वीसेक वर्षांपूर्वी उधाणात तिथं खांड पडली होती. तिथली रीत अशी की खांड बुजेना तेव्हा पुरुषांनी हातात हात घालून भगदाडात उभं राहायचं, पाणी छातीवर घ्यायचं आणि मागून बाकीच्यांनी पेंढा आणि चिखल टाकायचा. त्या दिवशी खांड बुजली, पण उभे राहिलेले नऊजण परत आले नाहीत. ज्याच्या त्याच्या जागी घरच्यांनी तिवराचं रोप रोवलं. "शाला शिकाया मिलाली नाय त्यांना," मास्तर म्हणाले, "म्हनून पहिली नावं त्यांची. आनि सायेब, ज्याचं नाव घेनारा कोन नसतो ना, त्याच्यावरच भराव पडतो."

मला भीती वाटली. माणूस भ्याला की नियमावर बोट ठेवतो. मी खोपटात येऊन लाल शाईचं पेन काढलं आणि राघोच्या नावावर रेघ मारली. दुसऱ्या नावाला पेन टेकवणार तोच पुढच्या रांगेतल्या बारकूबायनं माझं मनगट धरलं. राघो तिचा नवरा. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता त्याला पान्यात उबं ऱ्हायाचं काय कारन?"

बाकीच्या आठ नावांना मी हात लावला नाही. आठवड्यानं परत गेलो तेव्हा बांधाबाहेरच्या ओळीत आठच तिवरं होती. ट्रक मागं घेताना पहिल्या तिवरावर मुरूम ओतला गेला होता, झाड मुळासकट कलंडून चिखलात गाडलं गेलं होतं. ट्रकवाल्याला काय ठाऊक मी कुठल्या नावावर रेघ मारली ते? गावानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तेच मला सोसवेना. त्या दिवशी हजेरीला 'टक्' आठ वेळा वाजलं. चिखलातल्या झिंग्यांचा आवाज असतो तो, असं मला पुढं एकानं सांगितलं. असेलही. पण झिंगे हजेरीपत्रक वाचत नाहीत.

आषाढातल्या अमावास्येचं उधाण भर दुपारी आलं. मी नेमका गावात होतो. राघोचं तिवर जिथं होतं नेमकी तिथंच बांधाची माती बसायला लागली आणि बघता बघता दार उघडावं तसं पाणी आत आलं. सगळा गाव धावला. मास्तर पाण्यात उतरले, त्यांच्यामागे गावातले पुरुष हातात हात घालत गेले. ओळ एका माणसानं तोकडी पडली. मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सायेब, राघोची जागा मोकली हाय."

मला पोहता येत नव्हतं. तरी उतरलो, कारण रेघ मी मारली होती. पाणी छातीला लागलं, डोळ्यांत खारट चिखल गेला, काही दिसेना. उजव्या हातात मास्तरांचा हात होता. डाव्या हातात बारकूबायचा असावा, असं मला वाटलं, कारण उतरताना ती माझ्या बाजूलाच होती. तो हात गार होता, पण पाण्यात कुणाचा गरम असतो? दोनदा माझे पाय सुटले आणि दोन्ही वेळा त्या हातानं मला घट्ट दाबून जागेवर उभं केलं. मागून चिखल पडत राहिला. भरती ओसरायला लागून पाणी फिरलं तेव्हा खांड बुजली होती.

बांधावर बसून मी बारकूबायला म्हणालो, "तुम्ही धरलं म्हणून वाचलो."

तिच्या अंगाला पेंढा चिकटलेला होता. "मी कवा उतरली? मी वरून पेंढा देत व्हती."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते टाचेतला चिखल काढत होते. "तुमच्या डाव्या अंगाला कोन नव्हता, सायेब. तुमी शेवटचं. पन हात सुटला नाय ना? मंग झालं."

राघोचं झाड तिथंच गाडलं गेलं होतं, त्याचं मूळ माझ्या हाती आलं असेल, असं मी आजवर स्वतःला समजावत आलो आहे. फक्त मूळ आपला हात दाबत नाही.

त्यानंतर मी ऑफिसात जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्या हजेरीपत्रकावर 'तपासले, बरोबर' अशी सही केली आणि उरलेल्या आठ नावांपुढे पत्ता लिहिला, 'बांधाबाहेर'. बायकांनी अर्ज लिहिला, वेड्यावाकड्या अक्षरात पण स्वतः, आणि हजेरीपत्रकाची नक्कल जोडली. दोन महिन्यांनी नव्या शहराच्या कचेरीतून आठ लिफाफे आले. बांधाबाहेरील रहिवाशांनी सुनावणीस समक्ष हजर राहावे. मास्तर पोट धरून हसले आणि मग उलट लिहून पाठवलं की हे लोक जागा सोडू शकत नाहीत, साहेबांनीच यावं. साहेब आले. मास्तरांनी त्यांच्यासमोर पाठ फिरवून हजेरी घेतली. आठ नावं, आठ आवाज. साहेबांसमोर ठेवलेला चहा तसाच राहिला. त्यानं झालं की आणखी कशानं, मला ठाऊक नाही, पण भरावाच्या खुंट्या तिवरांच्या कडेला येऊन थांबल्या आणि पुढं सरकल्या नाहीत.

माझी बदली रत्नागिरीला झाली. निघताना मास्तर म्हणाले, "जावा. तुमची हजेरी आमी लावू." मला ती थट्टा वाटली.

सात-आठ वर्षांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर बारकूबायचं, तिनं मला लिहिलेलं पहिलंच. 'मास्तर गेलं. बुदवारी पानी दोन वाजता फिरनार. तुमी या.' एवढंच. वाचून मी बायकोदेखत रडलो.

बुधवारी खोपटात सगळ्या बायका जमल्या होत्या. हजेरीपत्रक बारकूबायच्या हातात. तिनं ते आधी मला दाखवलं. पहिल्या ओळीत राघोवर मारलेली माझी लाल रेघ, आणि तिच्या वर मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात माझं नाव. मी पानं उलटत गेलो. त्यापुढच्या वर्षांच्या वह्याही बांधून ठेवल्या होत्या. मी रत्नागिरीत फायली खरडत होतो त्या प्रत्येक दिवशी इथं माझ्या नावापुढे हजर अशी खूण होती. बांधाबाहेर पाहिलं तर ओळीत पहिल्या जागी खांद्याएवढं एक कोवळं तिवर उभं होतं.

"हा कोण?" मी विचारलं.

"तुमी," बारकूबाय म्हणाली.

मग ती पाठ करून खाडीकडे वळली आणि माझं नाव वाचलं. मी 'हजर' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून 'टक्' झालं. तिनं खूण केली. मेलेल्यांच्या पंगतीत माझं पान वाढलेलं होतं, आणि खरं सांगतो, मला भीतीपेक्षा आपलेपणाच जास्त वाटला. उरलेल्या आठांचे आवाज आले. शेवटी, दहाव्या ओळीवर, ती म्हणाली, "गोमा."

काही वाजलं नाही. बायका वाट पाहत राहिल्या. ती पुन्हा म्हणाली, "गोमा." पाणी बांधाला लागून गप्प उभं होतं.

बारकूबायनं कोपऱ्यातलं तिवराचं रोप उचलून माझ्या हातात दिलं. "रोवल्याबिगर कसा बोलंल तो? जा, तुमच्या बाजूला जागा ठेवलीया."

मी विजार वर करून उतरलो. गुडघाभर पाण्यातून माझ्या नावाच्या तिवरापर्यंत गेलो, हातानं चिखल उकरला, रोप उभं केलं आणि मुळाशी तळवा दाबून धरला. बांधावरून बारकूबायनं तिसऱ्यांदा हाक मारली. आवाज आला तो माझ्या तळव्याखालून. आणि पाठोपाठ चिरा पडलेल्या, खरखरीत बोटांनी माझा हात एकदाच दाबला. मी तो सोडवून घेतला नाही.