पदरातला अभ्यासक्रम

माझ्या धाकट्या आत्याइतकी पक्की स्मरणशक्ती आख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणाची नसेल. ती डोक्याऐवजी पदरात राहते, एवढंच. काहीही लक्षात ठेवायचं म्हटलं की आत्या पदराला गाठ मारते. मानवतहून शिलाईची सुई आणायची, बारीक गाठ. शेजारणीला टोमणा परत करायचा, जाड गाठ. काम झालं की गाठ सुटते आणि साडी बदलली की उरलेल्या गाठी नव्या पदराला मारल्या जातात. माझ्या लग्नात सगळे जेवायला उठणार, तेवढ्यात हिनं पदर चाचपून भर मांडवात विचारलं, "कानपिळीचं राहिलं की हो महाराज!" माझा कान लाल झाला तो तिच्याच कृपेनं.

यजमान गेल्यापासून आत्या गावची बँकमित्र आहे. म्हणजे छोटं मशीन घेऊन ओट्यावर बसायचं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे घेऊन त्यांचा निराधारचा पगार हातात द्यायचा. तिची चूलही त्यावरच. अन् वरून हुकूम आला, कॉम्प्युटरवरची परीक्षा पास व्हा, नाहीतर मशीन जमा करा. आत्या जराही डगमगली नाही. "तू वाच बापू, मी गाठी मारते," म्हणाली. आठवडाभरात पदराची पार जपमाळ झाली.

परभणीच्या केंद्रावर, फाटकातच, तपासणाऱ्या बाईंनी तो पदर धरला. आत चिठ्ठ्या असणार, अशी त्यांची खात्रीच!

"ह्यात काय आहे?"

"तक्रारीची मुदत हाय."

बाईंनी गाठ सोडली. रिकामी. "आणि ह्यात?"

"कार्ड हरवलं तर आधी बंद करायचं, मंग बाकीचं."

तीही रिकामी. एकेक गाठ सुटत होती आणि आत्या एकेक धडा घडाघडा सांगत होती. मागच्या रांगेतली एक पोरगी तर म्हणाली, "मावशी, वारसाचं परत एकदा सांगा ना." शेवटच्या गाठीवर मात्र आत्यानं मूठ आवळली.

"ही राहू द्या बाई. ही परीक्षेची न्हाई."

बाई भल्या होत्या, पण नियमाला काय करणार? "सोडली नाही तर आत जाता येणार नाही, मावशी."

मग आत्यानं ती स्वतःच सोडली. इतकी घट्ट होती की दातांनी ओढावी लागली. मी फाटकाबाहेर हबकलोच. बिनगाठीची आत्या म्हणजे कोरी पाटी!

दोन तासांनी बाहेर आली ती ऐटीत. "पास! लय सोपा पेपर होता. समदी उजळणी त्या बाईनंच करून घेतली की."

बसस्टँडवर पाहतो तर पदराला एक गाठ.

"आता ही कशाची, आत्या?"

"मघाचीच ती. हे दवाखान्यात होते, तवा मला म्हणले, एवढं ध्यानात ठेव. मी लगेच गाठ मारली. दुसऱ्या दिशी हे गेले, अन् त्या रडारडीत काय म्हणले तेच इसरले बघ. लय आठवून पाहिलं." तिनं गाठ बोटांत धरली. "पर काहीतरी म्हणले होते, एवढं तर हाय."

तेवढ्यात बस लागली, तसा मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि तिच्यासाठी जागा धरली.