संत्र्याच्या दारूचा फेस

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, आणि माझ्या शेजाऱ्याचा धाकटा भाऊ नोकरीपायी नागपूरला गेला. तो सुटीत येणार म्हणून शेजाऱ्याने बरणीत संत्र्याची दारू घातली. रोज झाकण काढून मला हाक मारायचा, "पाहा ना गुरुजी, फेस बरोबर येऊन राहिला का?"

"बरोबर आहे. सारखी उघडू नका."

"नाही उघडत," म्हणायचा, आणि डोळे मिटून पुन्हा हुंगायचा.

भाऊ आला तोवर दारूचा पार शिरका झाला होता. पहिल्याच घोटाला मला ठसका लागला. भावाने मात्र पेला रिकामा करून पुढे केला. "आणखी दे, दादा."

शेजाऱ्याने काठोकाठ ओतली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "बिघडलीच, गुरुजी. पण तो पिऊन राहिला."