रिकाम्या गावातला गोळा

आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी जे घडतं ते सांगितलं की मुंबईतले माझे सहकारी डॉक्टर मला वेड्यात काढत. ग्रामदेवाचा कौल झाला की अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झोळीतली पोरं, उचलून न्यावे लागणारे म्हातारे, सगळे. तीन दिवस गावात चूल पेटत नाही की कुणी पाऊल टाकत नाही. याला गावपळण म्हणतात. तेवढे दिवस गाव देवाचा आणि ‘त्यांचा’. ‘ते’ म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. मी लहानपणी विचारलं होतं आणि आजोबांची थप्पड खाल्ली होती.

साठ सालाच्या पुढेमागे मी मुंबईत कॅन्सरच्या इस्पितळात सर्जन होते. वय बत्तीस, लग्न नाही, जीभ तिखट. गावच्या बायका मला आडून ‘माणसा कापणारी’ म्हणत आणि ते मला आवडायचं. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका बोटीने मुंबईला यायच्या तेव्हा फार उशीर झालेला असायचा. पदर बाजूला केला की हळद, झाडपाल्याचा लेप, देवाचा अंगारा, आणि त्याखाली फुटलेली गाठ. “इतके दिवस काय केलंस?” असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, “दुखत नाय होता.” मी त्यांच्यावर चिडायचे. मरायला टेकलेल्या बाईवर चिडणारी डॉक्टर! आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. शेवटी ठरवलं, त्या येत नाहीत तर आपण जायचं. मार्गशीर्षात गावपळण होती. सगळ्या बायका एका जागी सापडतील म्हणून रजा काढली आणि गावी आले.

गाव सोडायच्या आदल्या दुपारी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वीसेक बायका बसवल्या. छातीची चित्रं दाखवली असती तर त्या उठून गेल्या असत्या. म्हणून मी तांदळाच्या पिठाची उकड काढली आणि सारखे दिसणारे दोन गोळे केले. एक साधा. दुसऱ्याच्या पोटात चिंचोका. चिंचोका शेजारच्या वयनीच्या मुलीने आणून दिला, तिच्या खेळातला, एका अंगाने दगडावर घासून पांढरा केलेला. ही वयनी म्हणजे शेजारच्या घरची सून. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नवरा मुंबईत गिरणीत, आणि ही इथे एकटीने घर, शेत, मुलगी सांभाळणारी.

“बाय, मुंबयत आता मोदक शिकवतंत काय?” एकीने विचारलं आणि खळं हसलं. मी तीन बोटांच्या मऊ भागाने गोल गोल कसं दाबायचं ते दाखवलं. काखेपर्यंत जायचं, महिन्यातून एकदा, न्हाताना. “न्हाताना येळ खंय आसा गो? थंय पाणी थंड जाता,” दुसरी म्हणाली. पुन्हा हशा. गोळे हातोहात फिरले. वयनीच्या हातात आले तेव्हा तिने साधा बाजूला ठेवला आणि दुसरा कितीतरी वेळ दाबत राहिली. ती हसत नव्हती. बाकीच्या पांगल्यावर ती जवळ आली आणि खाली बघत म्हणाली, “माझ्यात पण असाच लागता.”

आत नेऊन तपासलं. डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ, बोटाखाली सरकणारी. काख मोकळी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत माझ्या किनाऱ्यावरची पहिली बाई वेळेवर सापडली होती.

“वयनी, गावपळण झाली की माझ्याबरोबर बोटीन चल. काढून टाकली तर तू वाचतलंस.”

“सगळो काढूचो?”

“सगळो.”

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, “येतंय. पण गावपळण होवंदे.”

मी तिच्या नवऱ्याला पत्र लिहिलं आणि रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव निघाला. नदीपलीकडे माडाच्या झापांच्या खोपी उभ्या केलेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तिथे चुली पेटल्या, फुगड्या सुरू झाल्या, कोंबड्या टोपल्यांखाली गेल्या. नदीच्या अलीकडे जत्रा आणि पलीकडे आमचीच घरं, काळोखात, एकही दिवा नसलेली. सगळे नाचत होते, पण तिकडे तोंड करून कुणी बसलं नव्हतं. मीही पाठ करूनच बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सकाळी वयनी खोपीत आली. चेहरा उजळलेला. “गेली गो बाय,” म्हणाली.

निघताना तिने काय केलं होतं ते तिने मला सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरातून तिने तो चिंचोक्याचा गोळा उचलला होता. स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर उभं राहून छातीवरून तीनदा उतरवला होता आणि पानावर ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं : जा काय माझ्या आंगात आसा ता ह्याच्यात घाला आणि घेवन जावा. शिकवण्यासाठी केलेल्या माझ्या गोळ्याचा तिने उतारा केला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

मी साडीचा आडोसा करून तिला तपासलं. गाठ होती तिथेच होती. तिची बोटं धरून नेमकी त्यावर ठेवली. ती मन लावून चाचपत राहिली. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “तुझ्या हातांका लागता. माझ्या हातांका नाय.”

ती ढोंग करत नव्हती. परवा दुपारी ज्या बोटांना गाठ लागली होती, त्याच बोटांना आज काही लागत नव्हतं.

“घराक गेल्यार बघूया,” ती म्हणाली. “गोळो थंय नसलो तर त्यांनी नेलो. मगे मुंबय कशाक? आणि असलो तर तुझ्याबरोबर येतंय. देवाशपथ.”

तिचा जीव असा त्या गोळ्यावर टांगला गेला. मला सरळ दिसत होतं, तिसऱ्या दिवसापर्यंत उंदीर, मुंग्या, कुणीतरी तो खाणार. गोळा नाही म्हणजे दुखणं नाही, आणि दोन वर्षांनी ही माझ्याच वॉर्डात. कुणी खायच्या आधी तो आणून तिच्यासमोर ठेवायला हवा होता. गावात जाणं निषिद्ध? मी कॅन्सरची सर्जन होते, मला कोण अडवणार!

त्या दिवशी कुणाची नजर चुकवता आली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी माणसं जेवून आडवी झाली, तेव्हा मी साकवावरून नदी ओलांडली. उन्हात भीती कसली, असं मनाशी म्हणत होते. पण पहिल्या घराजवळ पोचले आणि पाय आपोआप हळू पडायला लागले. आवाज नाही म्हणजे किती नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. कोंबडं नाही, रहाट नाही, कुठे भांडं नाही. कावळेसुद्धा माणसांमागून नदीपार गेलेले. फक्त माडांची सळसळ, आणि तीही मी थांबले की थांबल्यासारखी वाटायची. दारं नुसती ओढून घेतलेली. प्रत्येक घरापुढून जाताना वाटत होतं की आत कुणीतरी बोलत होतं आणि माझ्या पावलांनी गप्प झालं. मी या घरांत खेळलेली, या खळ्यांत पडून गुडघे फोडलेली मुलगी. तरी मला चोरासारखं वाटत होतं.

वयनीच्या खळ्यात फणसाचं मोठं झाड होतं. दोन दिवस वारा होता, खाली पाल्याचा सडा हवा होता. एकही पान नव्हतं. शेणाने सारवलेली जमीन नुकतीच झाडल्यासारखी स्वच्छ होती. मी तिथे किती वेळ उभी राहिले ते सांगता येणार नाही. उलट फिरावं असं फार वाटलं.

गोळा उंबरठ्यावर पानावर होता. अख्खा. वरून सुकून टणक झालेला, एक चीर नाही, एक मुंगी नाही. मला हसूच फुटलं. घेतला हातात आणि सवयीने तीन बोटांनी दाबला. आत काही लागलं नाही. पुन्हा दाबला. मग फोडला. नुसतं पीठ. चिंचोका नव्हता.

त्या क्षणी मला वाटलेली भीती मी आयुष्यात पुन्हा अनुभवली नाही. पुढे मी स्वतःला समजावलं की वयनीने घाईत साधाच गोळा उचलला असणार. आजही तेच समजावते. पण ती दोन्ही गोळे दाबून बघितलेली बाई होती, आणि आमच्या घरी परतल्यावर दुसरा गोळा मी शोधला तेव्हा ताट रिकामं होतं. उंदरांनी नेला असेल. नेलाच असेल.

भीतीपाठोपाठ दुसरा विचार आला. हे तिला सांगितलं तर ती मुंबईला येणार नाही. आणि मी जे केलं ते भीतीने केलं की शहाणपणाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाटेवरच्या चिंचेखालून एक चिंचोका उचलला. गुरांच्या दगडी दोणीत उरलेल्या पाण्याने पीठ भिजवून पुन्हा मळलं, चिंचोका आत घातला, गोळा वळला.

वयनी खोपीत एकटीच होती. मी गोळा तिच्यासमोर धरला. “बघ. कोणी नेल्यान नाय.”

ती गोळ्याकडे बघण्याआधी माझ्या पायांकडे बघत होती. पायांना खळ्यातल्या सारवणाची भुकटी लागलेली. “तू थंय गेललंस?” तिने हळूच विचारलं. मग गोळा घेतला. “ह्यो ओलो कसो?”

“दव पडला.”

तिने तो फोडला. आतून चिंचोका निघाला, तपकिरी, गुळगुळीत, दोन्ही अंगांनी अख्खा. तिच्या मुलीने दगडावर घासलेला नव्हे. हे मी विसरलेच होते. वयनीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

“तू थंय गेलंस ता मी कोणाक सांगूचंय नाय,” ती म्हणाली. “गाव तुका जिती सोडूचो नाय. पण बाय, आता तू सांगशीत ता माका खरा वाटूचा नाय.”

मी खूप बोलले. हात जोडले, ओरडले, शेवटी रडलेसुद्धा. खरं काय झालं ते सांगायची वेळ तेव्हाच होती, पण ते सांगितलं तर तिचीच बाजू खरी ठरत होती, म्हणून तेवढं सोडून सगळं बोलले. चौथ्या दिवशी कौल झाला, गाव वाजतगाजत घरी परतला. तिने दार लावून घेतलं. आठवड्याने मालवणच्या बंदरातून बोटीत चढले तेव्हा मी एकटीच होते. मुंबईत तिच्या नवऱ्याला गाठलं, तर गाठ गेल्याचं तिचं पत्र त्याला आधीच पोचलं होतं. तिने माझं गुपित शेवटपर्यंत पाळलं. मी तिला एकदाच फसवलं आणि तेवढं पुरलं.

अडीच वर्षांनी तिच्या नवऱ्याने तिला आमच्या इस्पितळात आणलं. मुलगी बरोबर होती, सतरा-अठराची झालेली. छातीची काय अवस्था होती ते मी इथे लिहीत नाही. काखेत गाठींचा घोस, मानेतही. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा, वास कमी करायचा, एवढंच हातात होतं. त्या काळी आमच्याकडे अलिखित नियम होता, पेशंटला काही सांगायचं नाही, नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगायचं. मी नवऱ्याला बाजूला घ्यायला वळले तेव्हा तिने माझ्या कोटाचं टोक धरलं.

“बाय, आता खरा सांग. मी वाचतलंय?”

आमचे विभागप्रमुख, मोठे सर, शेजारच्या खाटेशी होते. त्यांना ऐकू जाणार होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “नाय, वयनी.”

डॉक्टर झाल्यापासून हे मी पहिल्यांदाच कुणाला तोंडावर सांगत होते. तिचा हात माझ्या कोटावरून सुटला नाही. ती बराच वेळ माझा चेहरा न्याहाळत राहिली, त्यात काही लपलंय का ते बघत. मग तिने मान हलवली.

“ह्या मात्र खरा सांगितलंस,” म्हणाली. आणि मुलीला हाक मारली. “हंय ये गो. बाय, हिका शिकय. माझ्या आंगार शिकय.”

मुलगी मागे सरकली. मीही गडबडले, म्हटलं, वयनी, नको, आता कशाला. तिने ऐकलं नाही. स्वतःच कण्हत हात डोक्यावर घेतला आणि काख उघडी केली. मी मुलीची तीन बोटं धरून तिच्या आईच्या गाठींवर ठेवली. ती बोटं बर्फासारखी गार होती. मुलगी रडत होती, पण हात तिने काढून घेतला नाही.

“घाय करू नको गो,” वयनी तिला म्हणाली. “नीट बघ.”