पाचटाखालची गांडुळं

येरवड्यापुढच्या एका काचेच्या इमारतीत मी सॉफ्टवेअर तपासायचो, म्हणजे दर तासाला दुसऱ्यांच्या चुका शोधायचो. ही सवय इतकी मुरली होती की सदाशिव पेठेतल्या खोलीवर विरजण लावलं, तरी दही लागलंय का हे पाहायला मी सात वेळा झाकण उचलायचो. ते बिचारं कंटाळून दूधच राहायचं.

अशा माणसाने मांजरी गावच्या मामांना सांगितलं, "मामा, युरिया बंद करा. जमीन दमलीय."

"जमीन दमली का तू दमलास?" मामा म्हणाले. पण भाचा पडलो, म्हणून वांग्याचं निम्मं रान एका हंगामापुरतं मला मिळालं. अट साफ होती. माझी वांगी त्यांच्याइतकी निघाली नाहीत, तर पुन्हा सगळीकडे युरिया.

शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून मी जीवामृत केलं. त्या वासाने हडपसरात दोन लग्नं मोडली म्हणतात. ते सगळ्या सऱ्यांना घातलं, वर उसाचं पाचट अंथरलं. आता त्याखाली ओल टिकणार, गांडुळं येणार, माती भुसभुशीत होणार. मी फक्त थांबायचं होतं.

नेमकं तेच जमेना. दर रविवारी स्कूटर हाणत जायचं, पाचट उचलायचं, माती उकरून गांडुळं मोजायची. मंगळवारी ऑफिसला ताप आल्याचं कळवून पुन्हा मोजायची. विहिरीकडची एकच सरी सोडली, कारण तिथे धामण दिसली होती. तेव्हा ती दोन हात लांब होती. आता सांगताना विहिरीला वेढा घालून उरते.

तोडणीला मामांची रास माझ्या कमरेला लागली, माझी जेमतेम गुडघ्याला. मी स्कूटरची किल्ली शोधू लागलो. तेवढ्यात मामी विहिरीकडची सरी तोडून आली. पाटी तिला उचलवत नव्हती. मामांच्या एकाही सरीला एवढी वांगी नव्हती.

मामांनी तिथलं पाचट बाजूला केलं. खाली काळी, ओली माती. माझ्या बाकीच्या सऱ्यांत नुसती वाळकी ढेकळं.

"हितं का न्हाई उकरलंस?"

"धामण होती."

मामांनी पाचट पुन्हा नीट अंथरलं. "निम्मं रान पुढच्या हंगामालाबी ऱ्हाऊ दे. पाचट तुझं, राखण त्या धामणीची. तू तोडणीलाच यायचं. त्याआधी दिसलास तर युरिया."

जिंकलो होतो, पण पुढचे महिने ऑफिसात मी कीबोर्ड उचलून खाली बघत बसायचो. एकदा न राहवून मामीला फोन लावला. "मामी, गांडुळं?"

"हायेत. धामणबी हाय, तुझी चौकशी करत होती."

"काय म्हणाली?"

"फोन ठेव म्हणाली."