हूक ज्याच्या हातात

दूध उतू जायच्या बेतात होतं, आमचे हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत होते, आणि दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारा माणूस आमच्या ओळखीत एकच. झोपलेलं पोर दचकायला नको म्हणून त्यांना ती सवय लागलेली.

"तुमचे रंगारी आजोबा," हे म्हणाले. "सुनेने पाहिलं तर आज रामायण होईल."

रंगारी आजोबा पूर्वी आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहायचे. आता रस्त्यापलीकडे, इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत एकटे असतात. सून कामाला जाताना नातवाला माझ्याकडे ठेवते. आधी तो आजोबांकडे असायचा.

उंच इमारतींना बाहेरून रंग देण्यात त्यांचा जन्म गेला. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन हूक. जागा बदलताना दुसरा अडकल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. "आमच्या धंद्यात चुकलेला माणूस चूक कबूल करायला परत येत नाही, ताई," असं ते हसत सांगायचे.

नातू पायावर उभा राहिला तो थेट पळायलाच लागला. आजोबांचे गुडघे कधीच कामातून गेलेले. मग त्यांनी आपला जुना पट्टा कापून नातवाच्या खांद्यांवरून आणि छातीवरून बसेल असा छोटा पट्टा शिवला. पाठीला हूक, हुकाला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. दोघं बाजारात निघाले की भाजीवाली विचारायची, "काय आजोबा, कोण कुणाला फिरवतंय?"

"तो मला. मोकळं सोडलं तर मी हरवतो."

सगळे हसायचे. मुलगा तेवढा हसायचा नाही. "कुत्र्यासारखं बांधलंय पोराला," म्हणून पुटपुटायचा आणि चार पावलं पुढे चालायचा.

मग मुलाच्या ऑफिसची सहल निघाली, घरच्यांसकट, थीम पार्कला. तिथे गोल फिरणाऱ्या घोड्यांपाशी पोर सुटलं, कठड्याखालून आत शिरलं, आणि चालत्या चक्राखाली त्याचा पाय सापडला. सून तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणायला गेली होती. धावत आली तेव्हा दोरी आजोबांच्या कमरेला तशीच लोंबत होती, रिकामी.

"जन्मभर दोऱ्या बांधल्यात आणि माझ्याच पोराची सोडलीत?" असं ती दवाखान्याच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाली. आजोबांनी चकार शब्द काढला नाही. पोर घरी येण्याआधी स्वतःची पिशवी भरून ते निघून गेले. इमारतीत सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की हूक आजोबांनी सोडला.

आज ते खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. मी चहा ठेवला. ह्यांना मोजा सापडला होता, पण तो हातात घेऊनच ते समोर बसले, आणि महिनोन् महिने आमच्या मनात असलेलं बोलून गेले. "काका, राग मानू नका. पण तुमच्यासारख्या माणसाने हूक सोडलाच कसा?"

आजोबा कपाकडे बघत बोलले.

"मुलाचे साहेब आले होते जवळ. फोटो काढायचा होता. मला म्हणाला, बाबा, तेवढ्यापुरता सोडा, फोटोत पट्टा नको. मी म्हटलं, आधी पोराचा हात धर. धरला त्याने. मी सोडला. मग ह्याने खिशातून मोबाईल काढला, तो दोन्ही हातांनी धरला."

चहावर साय धरली.

"म्हणजे त्यानेच..." मी म्हटलं. "आणि हे तुम्ही सुनेला सांगितलं नाहीत?"

"हूक ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. खालून मुकादम काहीही ओरडू दे."

"अहो, पण ते काम होतं काका! हे घर आहे."

"तेच तर. माझं घर सुटलं ते सुटलं. आता हे सांगून तिचं कशाला सोडवू? आणि मुलगासुद्धा जाणून आहे, ताई. परवा रस्त्यात समोर आला तर चपलेचा अंगठा नीट करत बसला. चपलेला अंगठाच नव्हता."

हसावं की रडावं कळेना. सुनेशी बोलते असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा बोलून पाहिलं होतं मी. "काकू, ते तुमच्या घरात दिसले तर मी पोराला पाळणाघरात टाकेन," असं तिने शांतपणे सांगितलं होतं. ती बोलते ते करते. आजोबांना मी हे कधी सांगितलं नाही. आणखीही एक सांगितलं नाही. आधी 'आजोबा' म्हटलं की पोर दाराकडे बघायचं. हल्ली बघत नाही, खेळत राहतं.

"प्लास्टर काढलं म्हणे," ते म्हणाले.

"काढलं. चालतो आता."

"नीट?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मोज्याकडे.

"पाय ओढतो थोडा," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात, राहील तसं."

"थोडा म्हणजे किती?"

खाली दार वाजलं, सुनेचा आवाज आला. आजोबा गुडघ्यांवर हात रेटून उठले. ती वर यायच्या आत त्यांना गच्चीच्या जिन्याकडे सरकायचं होतं. चपला हातात घेऊन उंबऱ्यात थांबले.

"संध्याकाळी त्याला बागेत न्याल, तेव्हा इस्त्रीच्या दुकानाकडून जा, ताई. उचलून नका घेऊ. मी वर खिडकीत असेन, हाक मारणार नाही. तो कसा चालतो, तेवढं मला बघू द्या."