मासीमांच्या डब्यात आज इलिश नव्हता

मंडळी, आज दुपारी शेजारच्या बंगाली मासीमा डबा घेऊन आल्या. आम्ही बदलीवर कोलकात्यात आल्यापासून पावसाळ्यातल्या पहिल्या इलिश माशाचे दोन तुकडे त्या न चुकता देतात.

आज मोहरीच्या रश्श्यात नुसती वांगी होती.

"भाऊ ट्रॉलरवरून जवळजवळ रिकामाच परतला," त्या ओशाळून म्हणाल्या. "समुद्र तापलाय, मासा खोल गेलाय. त्यात सारखे वादळाचे इशारे."

त्यांनी ओशाळावं याचाच मला राग आला. समुद्र काय त्यांनी तापवला?

शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. मी कोथिंबीर वड्या भरून दिल्या.

समुद्रानं तर आपले डबे जन्मभर भरले. त्याला आपण काय भरून दिलं हो?